एक लाख चित्रं कुठली, त्यातली कितीतरी तर नावं आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला चिनी लिपीवरचा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्यू, कारण आपल्या पेपरांत चीन म्हटलं की बॉर्डर आणि मोबाईल ह्यापलीकडे गाडी सहसा जात नाही. पण 'एक लाख चित्रांची लिपी' हे हेडिंग, त्याखाली छापलेली ती 'प्राचीन अक्षरं', आणि 'दुर्मिळ अक्षरं म्हणजे चिनी लोकांनी करून ठेवलेली कोडी' हे शेवटचं वाक्य, ह्या तिन्ही ठिकाणी मी अडखळले. मी काही प्रोफेसर नाही, हौस म्हणून चिनी शिकले आणि मग ह्या जुन्या अक्षरांच्या नादी लागले ती लागलेच. पत्र लांबलंय. जागा नसेल तर माझी मतं कापा, आकडे तेवढे राहू द्या.

आधी तो एक लाखाचा आकडा. आकडा खोटा नाही, पण नुसता तसाच छापला की वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. श्यू शन नावाच्या विद्वानाने इसवी सन १०० मध्ये 'शुओवन ज्येत्स' हा कोश पुरा केला, त्यात ९,३५३ अक्षरं होती आणि शिवाय १,१६३ पर्यायी रूपं त्याने वेगळी मोजून दिली होती, म्हणजे अक्षर वेगळं आणि त्याची लिहिण्याची तऱ्हा वेगळी हे भान तेव्हाच होतं. १७१६ मध्ये खांगशी बादशहाचा कोश आला त्यात ४७,०३५. १९९४ च्या 'चोंगहुआ त्सहाय' मध्ये ८५,५६८. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाने खास पर्यायी रूपांचा जो कोश केलाय त्यात १ लाख ६ हजारांवर, आणि यूनिकोडसुद्धा (म्हणजे जगभरच्या लिप्यांची कॉम्प्युटरसाठी केलेली सामाईक यादी) आता लाखाच्या आसपास पोचलंय. हे आकडे ओळीने वाचले की वाटतं हे लोक दर शतकाला हजारोंनी नवीन अक्षरं पाडतायत. खरं तर वाढलाय तो गोळा केलेला साठा. चीन सरकारने २०१३ मध्ये जी प्रमाण अक्षरांची यादी काढली ती ८,१०५ अक्षरांची आहे, त्यातल्या पहिल्या टप्प्यातल्या ३,५०० मध्ये रोजचं वाचन-लिखाण भागतं, आणि तिसऱ्या टप्प्यातली १,६०५ तर मुख्यतः आडनावं, माणसांची नावं, गावांची नावं आणि शास्त्रातल्या संज्ञा ह्यांच्यासाठीच ठेवलीत. हा 'नावांचा' मुद्दा लक्षात ठेवा, मला सगळं पत्र त्याच्यावरच लिहायचंय.

मग बाकीची नव्वद हजार काय आहेत? बहुतेक एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं. आपल्याकडे ल आणि श दोन तऱ्हेने लिहितात ना, मराठी वळणाचा आणि हिंदी वळणाचा, पण म्हणून कोणी बाराखडीत दोन ल मोजत नाही. चिनी कोशवाले मोजतात, त्यांना मोजावंच लागतं, कारण जुनी पोथी वाचणाऱ्याला ते रूप कुठेतरी सापडायला हवं. 'फंग' म्हणजे शिखर, त्यात डोंगराचा भाग डावीकडे लिहा नाहीतर डोक्यावर लिहा, शिखर ते शिखरच, पण कोशात एंट्री दोन. आता अशा एंट्र्या हजारोंनी धरा. त्यात हाताने नकला करणाऱ्यांचे शॉर्टकट धरा. तुनहुआंगच्या गुहेत १९०० साली जो हस्तलिखितांचा खजिना सापडला त्यात बौद्ध सूत्रांच्या नकलांची रास आहे, आणि बोधिसत्त्वासाठी चिनीत जी दोन अक्षरं लागतात, 'फू' आणि 'सा', ती दर ओळीत लिहून लिहून भिक्षू इतके कंटाळलेले दिसतात की त्यांनी दोन्ही अक्षरांच्या डोक्यावरचं गवताचं चिन्ह तेवढं ठेवलं, एकाखाली एक दोन गवतं, झाला बोधिसत्त्व. जपानमध्येही हा शॉर्टकट पोचला. हे कोडं आहे का? ही तर लिहिणाऱ्याच्या हाताची सोय!

काही रूपं भीतीपोटी झालीत. बादशहाच्या नावातलं अक्षर जसंच्या तसं लिहायचं नाही असा नियम होता, त्यामुळे एखादी रेघ गाळून लिहायचे. खांगशी बादशहाचं खरं नाव श्वेनये, त्यातलं 'श्वेन' म्हणजे काळं-गूढ ह्या अर्थाचं साधं पाच रेघांचं अक्षर, आणि ते खुद्द खांगशी कोशातच शेवटचा ठिपका गाळून छापलंय. बादशहाने स्वतः करवून घेतलेला कोश, आणि त्यातच त्याच्या नावाचं अक्षर अपुरं! लोकांना ह्या कोशाचं ४७ हजार ऐकून आश्चर्य वाटतं, मला ह्या एका गाळलेल्या ठिपक्याचं जास्त वाटतं.

आणि काही रूपं हट्टापोटी झालीत. वू त्सथ्यन ही चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावावर गादीवर बसलेली एकुलती एक सम्राज्ञी, ६९० मध्ये बसली, आणि त्याच सुमाराला तिने डझनभराहून जास्त अक्षरांची नवी रूपं हुकूम काढून चालू केली. स्वतःच्या नावासाठी 'चाओ' हे अक्षर, वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी आणि खाली रिकामं आकाश. 'देश' ह्या अक्षरासाठी चौकटीत 'आठ दिशा'. ह्याच्यामागे एक किस्सा सांगतात की आधी कोणीतरी सुचवलं चौकटीत बाईसाहेबांचं 'वू' लिहू या, मग दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात आलं की अहो चौकटीत माणूस लिहिला की 'कैदी' होतो, हे अशुभ दिसेल, म्हणून मग आठ दिशा घातल्या. किस्सा खरा-खोटा असेल, पण अक्षर खरं आहे. ७०५ मध्ये तिची सत्ता गेली आणि ही अक्षरंही वापरातून गेली, आणि त्यामुळेच ती इतिहासकारांना फार कामाची ठरली कारण ती दिसली की कागदाचा काळ कळतो. कोरियात ग्यॉन्ग्जूच्या बुल्गुक्सा मंदिरात १९६६ मध्ये छापील धारणी सूत्राची गुंडाळी सापडली, तिचा काळ ठरवताना हीच अक्षरं पुरावा म्हणून पुढे आली. आणि 'आठ दिशा' वालं अक्षर आजही जिवंत आहे, जपानमध्ये, तोकुगावा मित्सुकुनी ह्या सतराव्या शतकातल्या सरदाराच्या नावात. राजवट गेली, देशात कोणी वापरत नाही, पण परदेशातल्या एका माणसाच्या नावात अक्षर टिकलं.

आता 'चित्रं'. हा गैरसमज तुमच्या एकट्या लेखकाचा नाही, जगभर चालतो, पण पेपरने तरी पसरवू नये. चिनी अक्षरांपैकी चार पंचमांशाहून जास्त अक्षरं अशी आहेत की त्यांचा एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा भाग उच्चाराचा. 'मा' म्हणजे आई, त्यात 'बाई' आणि 'घोडा' आहे, घोडा कशाला तर घोड्याला पण 'मा' म्हणतात म्हणून, फक्त सूर वेगळा. आईचा आणि घोड्याचा दुसरा काही संबंध नाही, कृपा करून कोणी जोडू नका. संस्कृत मंत्र लिहायची वेळ आली तेव्हा तर त्यांनी उच्चार जवळचा असलेलं अक्षर घेतलं आणि त्याला तोंडाचं रॅडिकल, म्हणजे अर्थाचा इशारा देणारा भाग, लावलं, म्हणजे 'हे फक्त तोंडाने म्हणायचंय, अर्थ शोधू नका'. 'ओम' चं अक्षर तसंच आहे. चित्रं मुळात थोडीच होती, आणि जी होती त्यांच्या आज सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा मागाहून रचलेल्या आहेत.

तुमच्या लेखात 'पूर्व' दिशेचं अक्षर म्हणजे झाडामागून उगवणारा सूर्य असं दिलंय. ऐकायला छान वाटतं, श्यू शनच्या कोशातही असंच आहे. पण कासवाच्या पाठीखालच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर कोरलेलं त्या अक्षराचं सगळ्यात जुनं रूप बघितलं तर त्यात सूर्य नाही आणि झाड पण नाही, दोन्ही टोकांना बांधलेली पिशवी आहे, उच्चार जुळतो म्हणून दिशेला उसनी घेतलेली. 'राजा'च्या अक्षराचंही तेच, तीन आडव्या रेघा म्हणजे स्वर्ग, माणूस आणि पृथ्वी आणि उभी रेघ म्हणजे तिघांना जोडणारा राजा, असं दोन हजार वर्षं शिकवलं गेलं, आणि हाडावर बघावं तर कुऱ्हाडीचं पातं खाली धार करून ठेवलेलं. कुऱ्हाड ज्याच्या हातात तो राजा, तत्त्वज्ञान नंतर आलं! दहा हजाराचं अक्षर मुळात विंचू आहे. आणि माझं सगळ्यात आवडतं 'वेइ', म्हणजे 'करणे'. श्यू शन म्हणतो हे माकड आहे. हाडावर स्पष्ट दिसतं की एक हात आहे आणि तो हत्तीला सोंडेशी धरून नेतोय. हत्ती, उत्तर चीनमध्ये! पण ही हाडं जिथे सापडली त्या आनयांगच्या उत्खननात हत्तीचे सांगाडेसुद्धा मिळालेत, तेव्हा हवा वेगळी होती. बिचाऱ्या श्यू शनला नावं ठेवायचं कारण नाही, त्याच्या काळात ती हाडं जमिनीत होती आणि त्याला जी जुनी रूपं माहीत होती ती फार तर त्याच्या आधीच्या काही शतकांतली.

ती हाडं वर आली १८९९ मध्ये. बीजिंगच्या शाही विद्यापीठाचा प्रमुख वांग यिरोंग ह्याने औषधाच्या दुकानातल्या 'ड्रॅगनच्या हाडांवर' अक्षरं ओळखली असं सांगतात, औषधाची गोष्ट थोडी फुगवलेली असेलही, पण हाडं गोळा करायला सुरुवात त्याने केली हे पक्कं, आणि पुढच्याच वर्षी परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हा त्याने जीव दिला. तेव्हापासून आजपर्यंत दीड लाखाच्या वर तुकडे सापडलेत. हे काय होतं तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग घराण्याचे राजे देवाला आणि पूर्वजांना प्रश्न विचारायचे, पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, दात दुखतोय तो कुठल्या पूर्वजामुळे, हाड तापवायचे, त्याला भेग जायची, भेग बघून राजा उत्तर सांगायचा, आणि मग हे सगळं त्याच हाडावर कोरायचे. भविष्य बघण्यासाठीचं 'पू' हे अक्षर म्हणजे ती भेगच, एक उभी रेघ आणि बाजूला फुटलेला फाटा.

त्यातलं एकच हाड इथे जवळून दाखवते, म्हणजे 'दुर्मिळ अक्षर' कसं असतं ते कळेल. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराचं. राजा वू तिंगची राणी फू हाओ बाळंत होणार आहे. प्रश्न असा, 'फू हाओचं बाळंतपण चांगलं होईल का?' राजा भेगा बघून म्हणतो, तिंगच्या दिवशी झालं तर चांगलं, कंगच्या दिवशी झालं तर फारच शुभ (ही तेव्हाच्या दिवसांची नावं). आणि मग खाली निकाल, एकतीस दिवसांनी ज्या-यिनच्या दिवशी बाळंत झाली, चांगलं नाही, मुलगी झाली. तीन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद वाचून मला काय वाटलं ते लिहीत बसत नाही, वाचणाऱ्या बायकांना कळेलच. पण अक्षर बघा. 'चांगलं' म्हणून जे अक्षर तिथे आहे त्यात एका बाजूला बाई आहे आणि एका बाजूला नांगरासारखं अवजार, ते आजच्या कुठल्याही चालू अक्षरासारखं दिसत नाही, अभ्यासक ते 'ज्या' म्हणजे शुभ असं वाचतात कारण दरवेळी ते असल्याच वाक्यात येतं. आणि प्रश्न विचारणाऱ्या जोशीबुवांचं नाव आहे 'च्युए'. हे च्युए बुवा शेकडो हाडांवर आहेत, पण त्यांच्या नावाचं अक्षर आजच्या चिनी माणसाच्या कामाचं नाही, शाळेत नाही, पेपरात नाही, यूनिकोडमध्येसुद्धा ते पहिल्या वीस हजारांत नव्हतं, १९९९ च्या पुरवणीत आलं.

हाडांवरची वेगवेगळी चिन्हं मोजली तर साधारण साडेचार हजार भरतात आणि त्यातली नक्की वाचता येणारी एक तृतीयांशाच्या आसपास. बाकीची का अडली? कारण त्यातली खूपशी माणसांची, कुळांची, गावांची नावं आहेत. 'अमक्या गावी शिकारीला जाऊ का' ह्यातलं अमकं गाव, ते नाव पुढे कुठेच आलं नाही तर त्याला वाचणार कशावरून? अर्थ कळतो की हे गाव आहे, बस, पुढे भिंत. आनयांगच्या लिपी म्युझियमने २०१६ मध्ये जाहीर केलं की न वाचलेलं एक अक्षर पटेल असं वाचून दाखवा आणि १ लाख युआन घ्या, वादातल्या अक्षराला ५० हजार. २०१८ मध्ये पहिला लाख फुदान युनिव्हर्सिटीच्या जियांग युबिन ह्यांना मिळाला, 'छुन' म्हणजे वळवळणे, हालचाल करणे ह्या अक्षरासाठी. एका अक्षराला लाख युआन म्हणजे काम किती किचकट आहे बघा, आणि हे 'चित्र बघून ओळखा'चं काम असतं तर एव्हाना शाळेतल्या पोरांनी सगळी बक्षिसं नेली असती.

ह्यावरून तुमच्या पुरवणीतल्या त्या फोटोवर येते. 'तीन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं' म्हणून जी बारा अक्षरं छापलीत ती मला सरळ सरळ आजच्या कॉम्प्युटर फॉन्टमधली दिसतायत. असे फॉन्ट मिळतात, हाडावर कोरल्यासारखी वळणं असतात, दिसायला मस्त, लग्नपत्रिकेपासून टीशर्टपर्यंत चालतात, पण त्यात जी अक्षरं शांग काळात नव्हतीच ती सुद्धा बनवणाऱ्याने तुकडे जोडून करून दिलेली असतात. खरं जुनं अक्षर एका ठरावीक साच्यात बसत नाही हेच त्याचं मुख्य लक्षण आहे. एकाच हाडावर एकच अक्षर तोंड डावीकडे आणि तोंड उजवीकडे असं दोन्ही तऱ्हेने असू शकतं. नर जनावरासाठीचं 'मू' हे अक्षर तर बैल असेल तर बैलाला लावून, मेंढा असेल तर मेंढ्याला, डुक्कर असेल तर डुकराला लावून लिहायचे, पुढे बैलवालं तेवढं राहिलं.

आरशासारख्या उलट्या अक्षरांनी मोठमोठ्यांची दांडी उडालीय. आनयांगलाच १९३९ मध्ये एक चौकोनी ब्राँझचं भांडं सापडलं, ८३२.८४ किलो वजनाचं, गावकऱ्यांनी जपानी सैन्यापासून वाचवायला परत पुरून ठेवलं आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा काढलं. आत तीन अक्षरं. पहिलं अक्षर 'स' वाचून त्याला 'समूवू तिंग' म्हणायचे (तिंग म्हणजे असलं भांडं), पाठ्यपुस्तकात तेच, लहानपणापासून सगळ्यांना तोंडपाठ. पण त्या काळच्या लिखाणात 'स' आणि 'होउ' ही अक्षरं एकमेकांची उलटी प्रतिबिंबं आहेत, आणि 'होउ' म्हणजे राणी, राजमाता, जे अर्थाला जास्त बसतं. शेवटी २०११ मध्ये बीजिंगच्या नॅशनल म्युझियमने पाटी बदलून 'होउमूवू तिंग' केली, तर लोकांनी केवढा आरडाओरडा केला, आमच्या पुस्तकात चुकीचं होतं का वगैरे. वाद अजून मिटलेला नाही. आठशे किलोचं भांडं, आणि नाव अडलंय एका अक्षराचं तोंड कुठल्या बाजूला ह्यावर.

हे सगळं जुनं झालं, पण दुर्मिळ अक्षराने आजही माणसाला त्रास होतो, आणि लेखात हे अजिबात नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९८० मध्ये चीनने कॉम्प्युटरसाठी जीबी २३१२ हा पहिला मोठा कोड केला त्यात ६,७६३ अक्षरं घेतली. पुरेशी वाटली. पुढे झू रोंगजी पंतप्रधान झाले, १९९८ ते २००३, आणि त्यांच्या नावातलं 'रोंग' त्यात नाही! म्हणजे देशाच्या पंतप्रधानाचं नाव पेपरवाल्यांना सरळ टाईप करता येईना, जुळवाजुळव करून छापावं लागायचं. तैवानमध्ये २००२ ते २००५ पंतप्रधान असलेले यू शी-कुन, त्यांच्या 'कुन' मध्ये वर दोन 'फांग' आणि खाली 'थू', हे 'पृथ्वी' ह्या अर्थाच्या साध्या 'कुन'चंच पर्यायी रूप, पण तिथल्या जुन्या कोडमध्ये नव्हतं, मग लोक 'फांग-फांग-थू' असं तोडून टाईप करायचे, आणि शेवटी तेच त्यांचं टोपणनाव पडलं. मोठ्या माणसांचं हसण्यावारी जातं. युन्नान प्रांतात लीच्यांग भागातल्या एका लीसू वस्तीतल्या लोकांचं आडनाव 'न्या', नवीन ओळखपत्रं कॉम्प्युटरवर निघायला लागली तेव्हा अक्षर सापडेना, तर त्यांना 'या' हे आडनाव लावून घ्यावं लागलं, ज्याचा अर्थ बदक. विचार करा, बापजाद्यांचं आडनाव मशीनमध्ये नाही म्हणून आजपासून तुम्ही बदक. त्यांच्या मते काही ते अक्षर 'दुर्मिळ' नव्हतं, दारावर तेच, थडग्यावर तेच.

म्हणून जेव्हा तुमचे लेखक लिहितात की एवढी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये भरण्याचा खटाटोप कशासाठी, तेव्हा उत्तर हे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनमध्ये जीबी १८०३० चं नवीन व्हर्जन लागू झालं त्यात ८७,८८७ अक्षरं आहेत आणि सरकारी व सार्वजनिक सेवेच्या सिस्टिम्सना ती दाखवता आलीच पाहिजेत असं बंधन आहे. बँकेत खातं, दवाखान्यात केसपेपर, रेल्वेचं तिकीट, सगळीकडे नाव एकसारखं उमटायला हवं ना. जपानमध्ये वातानाबे हे साधं कॉमन आडनाव, त्यातल्या 'नाबे'ची रूपं डझनावारी, आणि प्रत्येक वातानाबेला आपलंच रूप बरोबर वाटतं. तिथल्या सरकारी कामासाठीच्या अक्षरांचा साठा साठ हजारांच्या जवळपास आहे तो असल्याच कारणांनी.

ह्याची दुसरी बाजू पण सांगते नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसती अक्षरांची वकिली करतेय. सगळं भरत गेलं की कचराही भरला जातो. जपानने १९७८ मध्ये कॉम्प्युटरसाठी ६,३४९ कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, ठरवल्या, गावांच्या नावांच्या याद्या वगैरे चाळून. नंतर लक्षात आलं की त्यातली काही अक्षरं कुठल्याच कोशात नाहीत, कोणी वापरतही नाही. १९९० च्या दशकात एका समितीने जुने कागद काढून शोध घेतला. एक अक्षर होतं, वर 'डोंगर', खाली 'बाई', आणि दोघांच्या मध्ये एक आडवी रेघ. शिगा प्रांतात अकेनबारा म्हणून एक ठिकाण आहे, त्याच्या नावात डोंगर आणि बाई खरंच आहेत, पण रेघ नाही. झालं असं की यादी करताना ते अक्षर छापखान्यात नव्हतं म्हणून 'डोंगर' आणि 'बाई' कापून एकाखाली एक चिकटवले, फोटोकॉपीत कागदाच्या कडेची सावली आली, आणि पुढच्या माणसाने ती सावली रेघ समजून उतरवली. झालं नवीन अक्षर! अशी बारा निघाली, जपानीत त्यांना 'भूत अक्षरं' म्हणतात. त्यातल्या अकरांचा काही ना काही माग लागला. एकाचा लागलाच नाही, डावीकडे धनुष्य आणि उजवीकडे 'को' म्हणजे चिनीत मोठा भाऊ, उच्चार माहीत नाही, अर्थ माहीत नाही, कुठून आलं माहीत नाही, आणि आता काढताही येत नाही कारण कोड एकदा दिला की दिला. तुमच्या-माझ्या फोनमध्येसुद्धा ते आत्ता आहे. खांगशी कोशाच्या मागेही 'उच्चार-अर्थ लागला नाही' अशा अक्षरांची वेगळी पुरवणी आहेच, पण त्यांनी निदान वेगळी ठेवली.

लेखात ज्या बियांग नूडल्सच्या अक्षराला 'सर्वात प्राचीन आणि सर्वात कठीण' म्हटलंय त्याबद्दल एवढंच, ५८ च्या आसपास रेघा आहेत हे बरोबर, शान्शी प्रांतातलं आहे हेही बरोबर, पण प्राचीन नाही, खांगशी कोशात ते नाही, आणि यूनिकोडमध्ये २०२० ला आलं. कठीणच हवं असेल तर चार ड्रॅगन दोनावर दोन असे लिहिलेलं ६४ रेघांचं 'च' आहे, अर्थ 'बडबड्या'. (माझं पत्र वाचून संपादकांना ते अक्षर आठवलं तर हरकत नाही.) तीन ड्रॅगनवालं 'ता' तर २०२४ मध्ये ड्रॅगनच्या वर्षाला तिथल्या टीव्हीच्या नववर्षाच्या कार्यक्रमाच्या नावातच घेतलं, आणि एका रात्रीत ज्या अक्षराचा उच्चार कोणाला माहीत नव्हता ते घराघरात पोचलं. असं होतं अधूनमधून. खिडकीतला उजेड ह्या अर्थाचं जुनं 'च्योंग' दिसायला रडक्या चेहऱ्यासारखं आहे म्हणून २००८ च्या सुमाराला तरुण पोरांनी इमोजीसारखं वापरायला घेतलं. 'वेडा' हे अक्षर दोनदा शेजारी लिहिलं की 'मेइ' होतं, ते खरं तर प्लमच्या झाडाचं जुनं पर्यायी रूप, पण हल्ली त्याचा अर्थ झालाय 'महामूर्ख'.

खऱ्या अर्थाने मेलेली अक्षरं बघायची असतील तर श्यू शनच्या कोशातला घोड्यांचा विभाग बघा. शंभराहून जास्त अक्षरं नुसती घोड्यांची. मागचा डावा पाय पांढरा असलेला घोडा, त्याला एक वेगळं अक्षर. आठ वर्षांच्या घोड्याला वेगळं, त्यात 'घोडा' आणि 'आठ' एवढंच. रथाचे घोडे पारखून विकत घेणाऱ्याला हे शब्द रोज लागत असतील, रथ गेले, शब्द गेले, अक्षरं कोशात राहिली. ही कोडी नव्हती, बाजारातली रोजची बोली होती.

तर माझी विनंती साधी आहे. लेखाखाली छापलंय की दुसरा भाग जपानी लिपीवर येतोय. त्यात एखादं जुनं अक्षर दाखवणार असाल तर ते कुठल्या हाडावरून, कुठल्या भांड्यावरून, कुठल्या पोथीवरून घेतलंय ते फोटोखाली एका ओळीत लिहा, एवढी जागा नक्की निघेल. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं शेजारी शेजारी दिलीत तर अजून छान, पोरांना बघायला मजा येईल. आणि पहिल्या भागाच्या ऑनलाइन आवृत्तीत त्या बारा अक्षरांच्या खालची 'तीन हजार वर्षांपूर्वीची' ही ओळ बदलून 'आजच्या फॉन्टमधून' एवढं जरी केलंत तरी पुष्कळ.

कळावे,
आपली एक जुनी वाचक